रिचार्जचा अधिक महिना

प्रश्न : आमचं छोटं किराणा दुकान आहे. घरात तीन मोबाइल : माझा, मुलाचा आणि आईचा बटणाचा. गिऱ्हाइकाची उधारी महिन्याची, विजेचं बिल महिन्याचं, शिकवणीची फी महिन्याची. रिचार्ज मात्र २८ दिवसांत संपतं. दुकानात बसणाऱ्या मंडळींत यावर रोज वाद होतो. कुणी म्हणतं हा सरकारचाच नियम, कुणी म्हणतं फेब्रुवारी धरून केलेला हिशेब, कुणी म्हणतं आपले दोन-तीन दिवस मारायची कंपन्यांची चाल. खरं काय? रोजचं उरलेलं नेट रात्री बारा वाजता कुठं जातं? आणि आईच्या टीव्हीची फ्री डिश बिनरिचार्जची कशी काय चालते?
— एक वाचक, किल्लारी (ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : तुमच्या दुकानातल्या तिन्ही पक्षांना आधी चहा पाजा, कारण तिघांचंही थोडं थोडं चुकलं आहे. चालीची शंका घेणारे त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ आहेत. पण चाल त्यांना वाटते तिथं नाही.

सरकारी नियमाचं आधी उरकू. २८ दिवसांचंच पॅक द्या, असा नियम कुठंही नाही. झालं ते उलटंच. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक ३० दिवसांचं आणि किमान एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारं ठेवलंच पाहिजे. ३१ तारखेला रिचार्ज मारणाऱ्याचाही विचार त्यात आहे : ज्या महिन्यात ३१ नाही, तिथं महिन्याची शेवटची तारीख धरायची. म्हणजे महिन्याचं पॅक दुकानात मिळतं. मागितल्याशिवाय ते कुणी पुढे करत नाही, एवढंच.

फेब्रुवारीचाही इथं संबंध नाही. हा हिशेब आठवड्यांचा आहे. सात चोक अठ्ठावीस. म्हणून लोक ज्याला 'दोन महिन्यांचं' म्हणतात ते पॅक ५६ दिवसांचं असतं आणि 'तीन महिन्यांचं' ८४ दिवसांचं. सोमवारी सुरू झालेलं पॅक रविवारी संपतं, पुन्हा सोमवारी सुरू होतं. आपल्याकडे हे माप अगदीच परकं नाही. शेतावर खुरपायला जाणाऱ्या बाईचा हिशेब आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. तिला 'चार बाजारांचं रिचार्ज' म्हटलं तर लगेच कळेल. सालगड्याचं वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. किल्लारीत तर काळाची मोठी वाटणीच भूकंपाच्या आधीचा आणि नंतरचा अशी आहे. एक ते तीस तारीख हे मुख्यतः पगारदाराचं आणि बिलं पाठवणाऱ्यांचं माप. घोळ होतो तो आपण महिन्याच्या मापाने कमावतो, कंपनी आठवड्याच्या मापाने मोजते आणि बोलताना दोघंही 'महिना' म्हणतात म्हणून.

आता या चार आठवड्यांच्या महिन्याने वर्षाला काय होतं ते पाहा. पंचांगवाल्यांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे होतात ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी. ही तूट साचत जाते आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून ती भरून काढतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता तो असाच. कंपनीचा महिना चंद्राहूनही तोकडा : बारा रिचार्जचे ३३६ दिवस, तूट २९ दिवसांची. म्हणून इथं अधिक महिना तीन वर्षांनी येत नाही, दरवर्षी येतो. १ जानेवारीला सुरुवात करून खंड न पाडता रिचार्ज मारत गेलात, तर तेरावं ३ डिसेंबरला मारावं लागतं. ते संपतं ३० डिसेंबरला. ३१ डिसेंबर उघडाच राहतो! धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतो, वाण देतो. या तेराव्या महिन्याचा जावई कोण, हे सांगायला नको.

तर मग दोन-तीन दिवस मारलेच की! तुमची मंडळी म्हणतील. इथंच जरा थांबा, कारण या वादात सगळ्यात गमतीचा आकडा इथं आहे. ट्रायच्या आदेशानंतर मार्च २०२२ मध्ये जिओने ठरलेल्या तारखेला येणारं पॅक काढलं, २५९ रुपयांचं. रोज दीड जीबी. तेवढंच नेट देणारं त्यांचं २८ दिवसांचं पॅक तेव्हा २३९ रुपयांना होतं. तुम्ही दुकानदार, तोंडी करा. २३९ गुणिले १३ म्हणजे ३,१०७. २५९ गुणिले १२ म्हणजे ३,१०८. पूर्ण महिना मिळाला, तेरावं रिचार्ज गेलं आणि वर्षाचा फरक पडला एका रुपयाचा; तोही आपल्याच खिशातून. त्या एका रुपयात ३१ डिसेंबर मात्र मिळाला, हे न्यायाने सांगायला हवं.

थोडक्यात, कंपनी आधी दिवसाचा भाव ठरवते आणि मग त्या भावाची पुडी बांधते. २८ दिवसांची पुडी बांधली की वरचा आकडा लहान दिसतो, बस. ही विद्या तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तुमच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकते आणि मोठी बाटली फळीवर धूळ खाते, ती याच कारणाने. एकरकमी जास्त देणं जिवावर येतं. थोडं थोडं जास्त वेळा दिलेलं जाणवत नाही.

म्हणून वाद घालायचाच तर दिवसांवर नको, भावावर घाला. तेच रोजच्या दीड जीबीचं २८ दिवसांचं पॅक २०१८ च्या सुरुवातीला १४९ रुपयांना होतं. डिसेंबर २०१९ मध्ये १९९, डिसेंबर २०२१ मध्ये २३९, जुलै २०२४ मध्ये २९९. साडेसहा वर्षांत दुप्पट. २९९ च्या हिशेबाने तेरा रिचार्जचे ३,८८७ रुपये होतात. तुमचा आणि मुलाचा धरला तर ७,७७४. दुकानातली मंडळी दोन दिवसांसाठी भांडत बसली आणि भाव मात्र मागच्या दाराने निघून गेला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ती मंडळी मला कंपन्यांचा वैरी ठरवतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमचं गाव कोसळलं तेव्हा देशात मोबाइल नव्हताच. पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत जायचा आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. पुढे २०१६ साल आलं. लातूरकरांच्या ते वेगळ्याच कारणाने लक्षात आहे : एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट काही महिने फुकट वाहिलं. पाणी रेल्वेने आणि नेट हवेतून! फुकटाची सवय लागल्यावर दर परवडेनात म्हणून काही कंपन्या बुडाल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. दुकानं कमी उरली की भाव कुणीकडे सरकतो, हे बाजारपेठेत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर उरलेल्या नेटचं कोडंही त्यातूनच सोडवू. नळाला पाणी आलं की आपण हौद भरून ठेवतो, पुढचे आठ दिवस वापरतो. आपल्याला वाटतं नेटही तसंच. उरलेलं अर्धा जीबी कुठल्यातरी टाकीत असणार. तशी टाकी नसते. तुम्ही विकत घेता ती टॉवरची त्या त्या वेळची ताकद. पहाटे तीन वाजता टॉवर रिकामा होता म्हणून ती ताकद साठवून रात्री नऊ वाजता, सगळं गाव रील्स बघायला बसतं तेव्हा, वापरता येत नाही. स्वारगेटला निघालेल्या एसटीतली रिकामी सीट दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जोडता येते का? तसंच. रोजची मर्यादा घातल्याने महिन्याचं नेट एकाच रात्री उडवून टॉवर तुंबवणारेही आवरतात.

पण हे कारण अर्धंच आहे. प्रत्येक गिऱ्हाईक रोज पुरतं दीड जीबी वापरणार नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं आणि भाव त्या अंदाजावरच बेतलेला असतो. उरलेलं पुढे देता येतच नाही असं नाही. व्होडाफोन-आयडियाने २०२० मध्ये काही पॅकवर सोमवार ते शुक्रवारचं उरलेलं नेट शनिवार-रविवारी वापरायची सोय काढून दाखवली. तेव्हा 'जमत नाही' असं कुणी म्हणालं, तर 'परवडवायचं नाही' असं ऐका.

फ्री डिशचं उत्तर सोपं आहे. डिश आणि डबा एकदाच घ्यायचा, पुढे महिन्याचं काही नाही, कारण तिथं पैसे तुमची आई देत नाही, वाहिन्या देतात. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने ही सेवा सुरू झाली. दूरदर्शनच्या वाहिन्या, म्हणजे आपली सह्याद्रीसुद्धा, तिच्यावर असतातच. उरलेल्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. खासगी वाहिन्या बोली लावून जागा घेतात आणि तो पैसा जाहिरातींतून वसूल करतात. म्हणून नव्या मालिका पैसेवाल्या वाहिनीवर आणि जुने भाग फ्री डिशवर, असा प्रकार बऱ्याचदा दिसतो. आईंना तेच भाग पुन्हा बघायला आवडत असतील तर प्रश्नच मिटला.

राहिला आईंचा बटणाचा मोबाइल. तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन फोनच्या खर्चात वाया जाणारा पैसा बहुधा इथंच आहे. २०१८ च्या अखेरीला कंपन्यांनी २८ दिवसांचं ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आणलं. ते मारलं नाही तर इनकमिंगही बंद. पुढे ते किमान रिचार्ज वाढत गेलं आणि नेट न वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात नेटचं पॅक पडू लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं, फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली पॅक वेगळी ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये तशी पॅक आली. ८४ दिवसांची साडेचारशे रुपयांच्या आसपास. २९९ चं पॅक तीनदा मारलं तर ८९७ होतात. तेव्हा निम्म्यात काम झालं. रिचार्जवाल्याकडे 'बिननेटचं, नुसतं बोलण्याचं' असं नाव घेऊन मागा आणि किती दिवसांचं ते विचारून घ्या. त्या वेळी निघालेल्या एका लांब मुदतीच्या पॅकचे दिवस होते ३३६. बारा गुणिले अठ्ठावीस.

आणि पॅक संपून चार दिवस झाले म्हणून 'आता नंबर जाणार' असं आईंना कुणी घाबरवलं असेल, तर तसं नसतं. सलग ९० दिवस फोनचा काहीच वापर झाला नाही, तरच नंबर बंद करता येतो. तेव्हाही खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर ठेवावा लागतो. तेवढ्यात आठवडी बाजार कितीतरी वेळा येऊन जातो.