स्टेरॉईडच्या आधी दोन तपासण्या

बाळकुम, ठाणे

चि. सोनू हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

कळव्याच्या हॉस्पिटलात तुझी मेडिसिनची पोस्टिंग लागली, हे वहिनींकडून कळलं. एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की कर. पायावर जांभळे ठिपके दिसले, तर हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी पाठवल्याशिवाय स्टेरॉईड लिहायचं नाही.

कशेळीच्या पुलापलीकडून, भिवंडीतून यंत्रमागावरचे कामगार आपल्याकडे येतात. दिवसभर उभं राहून नडगीवर पुरळ उठलं की म्हणतात, "डॉक्टर, उष्णता झाली." तू बोटाने दाबून बघ. ठिपका दाबल्यावर फिका पडत नसेल आणि हाताला उंचवटा लागत असेल, तर बारीक रक्तवाहिन्यांना सूज असण्याचा संशय धर. मग विचार: सांधे दुखतात का? तळपायाला मुंग्या येतात? लघवीला फेस येतो? चालताना पायातली चप्पल निसटते?

कावीळ झाली होती का, याला 'नाही' म्हणाले तरी तिथे थांबू नकोस. बी आणि सी हे दोन्ही विषाणू डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं अंगात राहतात. त्यांच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी विषाणूला चिकटतात, ते गठ्ठे वाहिन्यांच्या भिंतीत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. सीमध्ये बहुधा थंडीत साकळणारी प्रथिनं, म्हणजे क्रायोग्लोब्युलिन, सापडतात. बीमध्ये मध्यम आकाराच्या धमन्या धरतात. या आजाराचा, म्हणजे पॉलिआर्टेरायटिस नोडोसाचा, बीशी संबंध 1970 मध्ये पुढे आला. जेवल्यावर पोटदुखी, एकाएकी चढलेलं बीपी, घटलेलं वजन अशी त्याची चाल असते.

क्रायोग्लोब्युलिनसाठी रक्त घेशील तेव्हा नळी 37 अंशांवर ठेवूनच लॅबला पोचव. वाटेत थंड झाली तर प्रथिनं गुठळीबरोबरच खाली बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. जमलं तर लॅबमध्ये जाऊन बघ: वेगळं केलेलं सीरम 4 अंशांवर काही दिवसांत गढूळ होतं, ऊब दिली की निवळतं.

किडनी किंवा नस धोक्यात असेल तेव्हा स्टेरॉईड द्यावंच लागतं, पण विषाणूवरच्या औषधाच्या जोडीने. बी अंगात असताना नुसतं स्टेरॉईड दिलं तर दबलेला विषाणू उसळतो. रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने तर सरफेस अँटिजेन निगेटिव्ह असलेल्याचाही उसळू शकतो, म्हणून कोअर अँटिबॉडीही बघ. सी बहुतेकांचा गोळ्यांच्या 12 आठवड्यांच्या कोर्सने जातो. बीच्या गोळ्या मात्र दीर्घकाळ चालतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, हे पेशंटला बजावून सांग. 2018 पासून सरकारच्या व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात. खर्चाच्या धास्तीने कुणी परत जाता कामा नये.

घरच्यांचीही तपासणी करून घ्यायला सांग. ज्यांना बी नाही त्यांना लस. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, हे सासूबाईंसमोर सांग, नाहीतर सुनेचे हाल होतात.

आणि तुझे लशीचे तीन डोस झालेत, पण अँटिबॉडी तपासलीस का? सुया हाताळतेस, या आठवड्यात तपासून घे आणि आकडा मला कळव.

तुझा,
काका