सईस, उत्तरपत्रिकेबद्दल

चि. सई हिस,


तुझ्या टेस्ट सिरीजच्या उत्तरांचे फोटो पाहिले. रोजगार हमीच्या उत्तराला पंधरापैकी साडेचार, आणि समासात लाल शाईने ‘माहिती भरपूर, चिकित्सा नाही’. तू चिडून लिहिलंयस, ‘मावशी, फायदे लिहिले, तोटे लिहिले, शेवटी पुढची दिशाही दिली, अजून काय पाहिजे?’ रागावू नकोस, पण शेरा बरोबर आहे. विद्यापीठाचे गठ्ठे मीही तपासलेत. प्रत्येक उत्तरपत्रिकेत तेच चार फायदे, तेच चार तोटे आणि शेवटी तोच सुवर्णमध्य. तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतर तपासणारा वाचत नाही, नुसती नजर फिरवतो.

प्रश्न पुन्हा वाच. ‘महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने ग्रामीण दारिद्र्य हटवले नाही, केवळ दुष्काळात माणसे जगवली. चिकित्सक परीक्षण करा.’ यूपीएससीच्या पेपरात असा प्रश्न इंग्रजी-हिंदीत छापून येईल आणि तू मराठीत लिहिशील, एवढाच फरक. कुणीतरी एक विधान तुझ्यापुढे ठेवलंय, ते कितपत टिकतं ते सांग म्हणतोय. तू योजनेवर लिहिलंस. विधानाला हातही लावला नाहीस. अडीचशे शब्दांच्या उत्तरात पहिल्या चार ओळी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्यावर. तासगावकडचा त्यांचा रोजगार हमीचा प्रयोग मोलाचा होता, माणूसही मोठा. पण त्यांच्या चरित्राने हे विधान खरं ठरत नाही की खोटंही ठरत नाही. मग त्या ओळी तिथे कशाला?

आता विधान सोडवून बघ. त्यात दोन दावे आहेत: दारिद्र्य हटलं नाही, आणि मदत झाली ती दुष्काळापुरतीच. शिवाय एक तिसरी गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, की दारिद्र्य हटवणं हेच या योजनेचं काम होतं. ही तिसरी पकडता आली की अर्धं उत्तर झालं. १९७७चा रोजगार हमी कायदा काय देतो? ग्रामीण भागातल्या, अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या प्रौढ माणसाला कामाचा हक्क. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याने जे वचन दिलं त्यावर आधी त्याला जोख. जे दिलं नाही त्यावर नंतर.

दुसरा दावा तपासायला तुझ्याच उत्तरात मालमसाला आहे, तू तो नुसता मांडून ठेवलायस. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, हा आकडा तू दिलास आणि ‘यावरून योजनेचे यश दिसते’ म्हणून पुढे गेलीस. अगं, त्यावरून उलट विधानालाच बळ मिळतं! दुष्काळात माणसं जगली, एवढंच त्यातून निघतं. विधानाला धक्का द्यायचा तर हे लिही, की दुष्काळ सरल्यावरही कामाची हमी उठली नाही, ती कायद्यात बसवली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. (तुझ्या बाबांच्या पगारातून कापला जातो तोच.) माहिती तीच राहिली, ती कोणत्या बाजूने साक्ष देते ते तू ठरवलंस. मी चिकित्सा म्हणते ती हीच.

खरी मजा १९८८च्या मुद्द्यात होती आणि तू तो अर्ध्या ओळीत उरकलास: ‘१९८८ मध्ये मजुरीत मोठी वाढ झाल्याने मजुरांचे हित साधले.’ किमान वेतन दुप्पट झालं, त्यासोबत रोजगार हमीची मजुरीही वाढली, इथवर ठीक. पण त्यानंतर कामावर येणाऱ्यांची संख्या घटली. मजुरी वाढली की कामावर गर्दी व्हायला हवी. ती ओसरली कशी? दोन उत्तरं संभवतात. एक, १९८७च्या दुष्काळानंतर १९८८ला पाऊस चांगला झाला, शेतात काम मिळालं, माणसं आपणहून आली नाहीत. दुसरं, वाढलेल्या मजुरीने खर्च परवडेना, म्हणून कामंच कमी काढली गेली. माणसं होती, काम नव्हतं. पहिलं खरं असेल तर हमी शाबूत आहे. दुसरं खरं असेल तर हमी कागदावर राहिली आणि मजुरीवाढीचा लाभ ज्यांना काम मिळालं त्यांच्यापुरताच. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या लेखात दुसऱ्या बाजूने कौल दिला: मजुरीवाढीनंतर कामाचं रेशनिंग झालं. नाव परीक्षेत आठवलं नाही तरी चालेल. दोन शक्यता मांडून त्यातली एक का निवडली एवढं तीन वाक्यांत आलं, तरी तुझं उत्तर गठ्ठ्यातून वर येईल.

तसंच रोजगार हमीतून झालेल्या पाझर तलावांचं. तू लिहिलंस, ‘जलसंधारणाची कामे झाली.’ झाली ना. पण तलाव खोदणारी बाई बहुधा भूमिहीन किंवा तुकडाभर जमिनीची, आणि पाणी वाढलं ते तलावाखालच्या विहिरींत. विहीर कुणाची, हे विचारलंस की दारिद्र्य का हटलं नाही त्याचं एक कारण हाती येतं, आणि विधानाचा पहिला दावा बराचसा मान्य करावा लागतो. मान्य करायला लाजू नकोस. प्रत्येक विधान खोडायचंच असतं असा तुमच्या अभ्यासिकेत एक समज पसरलेला दिसतो.

मग शेवट असा काहीसा होईल: ‘योजनेने दारिद्र्य हटवले नाही हे बऱ्याच अंशी खरे, तिने भूमिहीनांना मजुरी दिली, मालमत्ता नाही. मात्र ती केवळ दुष्काळी मदत नव्हती. कामाचा कायदेशीर हक्क हे तिचे वेगळेपण, आणि १९८८ नंतर तोच सैल पडला, ही तिच्यावरची अधिक गंभीर टीका ठरते.’ तुझ्या ‘सरकार, समाज व नागरिकांनी एकत्रित प्रयत्न करावेत’ या वाक्याशेजारी ठेवून बघ. तुझं वाक्य कुपोषणाच्या उत्तराखालीही चालेल आणि नदीप्रदूषणाच्याही.

‘सरकारवर टीका केली तर मार्क जातात का’ असं तू विचारलं होतंस. पुराव्याशिवाय केली तर जातात, आणि जायलाच हवेत. आवाज चढवू नकोस, ‘सपशेल अपयशी’ वगैरे शब्द भाषणासाठी ठेव.

आणि हो, प्रश्नात नुसतं ‘स्पष्ट करा’ असेल तर मुकाट्याने स्पष्ट कर. तिथे शंका काढत बसलीस तर विषयच राहून जाईल.

वेळेचं म्हणशील तर तीन तासांत लहान-मोठे वीस प्रश्न, म्हणजे गुणांच्या प्रमाणात पंधरा गुणांच्या उत्तराला अकराएक मिनिटं. त्यातली पहिली दोन पेन न उचलता विधान सोडवण्यात घालव. शेजारचा सपासप लिहीत असेल, लिहू दे.

पुढच्या आठवड्यासाठी एक विधान देते. १९९०च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर. ‘यामुळे योजना आपल्या मूळ लाभार्थ्यांपासून दूर गेली.’ पूर्ण उत्तर नको. दावे कोणते, गृहीत काय, आणि कोणती माहिती कुठल्या बाजूला, एवढंच अर्ध्या पानावर पाठव.

तुझी,
मावशी