घरातील हिंसा आणि बंदी महिलांचे मानसिक आरोग्य

पतीने वा जोडीदाराने केलेली मारहाण, लैंगिक जबरदस्ती, धमक्या आणि सततचा अपमान यांचे परिणाम घर सुटले तरी संपत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या सुमारे ३२ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक, लैंगिक किंवा भावनिक हिंसा सोसली आहे. कारागृहातील अनेक महिला हाच अनुभव मनात घेऊन आत येतात. मुलांपासूनची ताटातूट, खटल्याची चिंता आणि लोकलज्जा यांची त्यात भर पडते.

लक्षणे ओळखा
झोप न लागणे, भीतिदायक स्वप्ने, पावलांच्या आवाजानेही दचकणे, जेवण टाकणे, अबोला, अकारण संताप, जगण्याचा कंटाळा. पूर्वी डोक्याला मार लागला असल्यास वा गळा आवळला गेला असल्यास डोकेदुखी, चक्कर व विस्मरणही संभवते. अशा स्त्रीला हट्टी वा भांडखोर ठरवू नये. तिला उपचारांची गरज आहे आणि उपचारांनी आराम पडतो.

कुटुंबीयांनी काय करावे?
• मुलाखतीच्या वेळी दोष देऊ नये. “झोप लागते का? जेवतेस का?” असे आपुलकीने विचारावे.
• जुने उपचारपत्र व औषधांची चिठ्ठी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावी. चालू औषधे अचानक बंद होऊ नयेत.
• हिंसा करणारी व्यक्तीच भेटीस येत असेल आणि तिला ती भेट नको असेल, तर तसे अधीक्षकांना कळवावे.
• आत्महत्येचा विचार तिने बोलून दाखविल्यास त्याच दिवशी अधीक्षक व वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे.
• घरी झालेल्या हिंसेची माहिती, तिच्या संमतीने, वकिलांना द्यावी.

तिचे हक्क
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. कारागृहात असल्याने तो संपत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना व अटकेतील व्यक्तींना मोफत विधी साहाय्य मिळते.

कुटुंबीयांसाठी दूरध्वनी
टेली-मानस (मानसिक आरोग्य सल्ला, २४ तास): १४४१६
महिला हेल्पलाइन: १८१
विधी साहाय्य: १५१००

सुटकेनंतर ती कोठे राहणार, हे तिला विचारून आधीच ठरवावे. ज्या घरात हिंसा झाली तेथे परतणे सुरक्षित नसल्यास जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन व वैद्यकीय मदत मिळू शकते.