बँकेचा निरोप पोहोचला नाही तर कार्डाचे काय होते?

दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे घराला कुलूप लावून परजिल्ह्यात जातात. त्या काळात बँकेचे पत्र आल्यास ते बंद दारावरून परत जाते. पुढे पेरणीच्या तोंडावर बियाणे व खतासाठी एटीएमपुढे उभे राहावे, तर कार्ड चालत नाही. खात्यात पैसे असूनही वापसा निघून जाण्याची पाळी येते. म्हणून खातेदाराशी संपर्क तुटल्यास बँक कशी वागते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

मोबाइल क्रमांक नसल्यास : कार्डावर व्यवहार होताच खातेदारास संदेश जातो व गैरव्यवहार झाल्यास तो ताबडतोब ध्यानात येतो. ज्यास संदेश पोहोचत नाही, त्याची फसवणूक कित्येक दिवस उघडकीस येत नाही. याच कारणास्तव, मोबाइल क्रमांक न देणाऱ्या खातेदारास एटीएममधून रोख रक्कम काढण्याखेरीज अन्य इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 2017 साली बँकांना कळविले. क्रमांक दिला, पण पुढे तो बंद पडला, तर धोका अधिकच. बंद पडलेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो. मग आपल्या खात्याचे संदेश परक्याच्या हाती पडतात.

पत्ता जुना असल्यास : टपालाने पाठविलेले नवे कार्ड स्वीकारण्यास कोणी नसेल, तर ते बँकेकडे परत जाते. असे कार्ड भलत्याच्या हाती पडू नये म्हणून बँक ते चालू करीत नाही व काही मुदतीनंतर नष्टही करते. जुन्या कार्डाची मुदत त्याच सुमारास संपली, तर खातेदाराजवळ एकही चालू कार्ड उरत नाही.

केवायसीची मुदत : खातेदाराची ओळख व पत्ता बँकेस ठराविक काळाने पुन्हा तपासावा लागतो. कमी जोखमीच्या खात्यांस ही मुदत 10 वर्षांची आहे. जून 2025 मधील सुधारणेनुसार, मुदतीपूर्वी निदान तीन सूचना व मुदतीनंतर निदान तीन स्मरणपत्रे देणे बँकांवर बंधनकारक झाले. दोन्ही वेळा एक सूचना पत्रानेच द्यावयाची. माहितीत बदल नसल्यास, किंवा केवळ पत्ता बदलला असल्यास, स्वयंघोषणा गावातील बँक मित्राकडेही देता येईल, अशी सवलत त्याच वेळी ठेवण्यात आली.

निष्क्रिय खाते : बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केल्यास ते निष्क्रिय ठरते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेने खातेदाराचा शोध घ्यावा. पत्र परत आल्यास नामनिर्देशित व्यक्ती वा वारसांकडे चौकशी करावी. अशा खात्यावरील व्याज थांबत नाही व ते पुन्हा चालू करण्यास शुल्क पडत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे :

1. हंगामी स्थलांतरापूर्वी प्रत्येक कुटुंबाचा बँकेतील पत्ता व मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

2. क्रमांक बदलताच शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेण्यास सांगावे. सिमकार्ड टाकून देण्यापूर्वीच हे काम करावे.

3. कार्डावरील मुदतीचा महिना व वर्ष पाहून ठेवावे. मुदत परगावी असताना संपणार असल्यास शाखेत आधीच चौकशी करावी.

4. नामनिर्देशन झाले आहे की नाही, हे पासबुकावर पाहावे.

5. कार्ड हरविल्यास बँकेस तत्काळ कळवून ते बंद करवावे. फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी.

एक सावधगिरी आवर्जून सांगावी. "केवायसी संपली, कार्ड बंद होईल" अशी भीती घालून दूरध्वनीवरून पिन किंवा ओटीपी मागणारा मनुष्य ठकच समजावा. खरी बँक तो कधीही विचारीत नाही. शंका आल्यास पासबुक घेऊन थेट शाखेत जावे.

शेतकरी बंधूंनो, बियाणे आपण पेरणीपूर्वी तपासतो, अवजारे आधी दुरुस्त करतो. त्याचप्रमाणे मृगापूर्वी एकदा बँकेतील आपली नोंदही तपासून घ्यावी. अर्ध्या दिवसाच्या या कामाने ऐन पेरणीतील खोळंबा टळेल.