नवा गाइड डॉग अजून माझा का होत नाही?

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. माझी आधीची गाइड डॉग रोझी निवृत्त झाल्यावर महिन्यापूर्वी नवा लॅब्राडॉर मिळाला. तो रोजच्या वळणावरही अडखळतो आणि घरी यजमानांच्याच मागे फिरतो. याची-माझी जोडी चुकली का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही, ताई. प्रशिक्षित कुत्र्याला सगळे रस्ते आपोआप कळतात, हा गैरसमज आहे. अडथळे टाळणं, फूटपाथच्या कडेला थांबणं तो शिकून येतो. तुमचा रस्ता तुम्हीच त्याला शिकवायचा. जोडी जुळायला सहा महिने ते वर्षही लागतं. तोवर खाणं, ब्रश करणं, शी-शूला नेणं तुमच्याच हातून होऊ द्या. यजमानांना जड जाईल, पण काही आठवडे त्यांनी लाड आवरते घ्यावेत. आज्ञा त्याने शिकलेल्या इंग्रजीतच द्या. लाडाने मराठीत खुशाल बोला. वळण बरोबर घेतलं की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी द्या. घरी पोचल्यावर दिलेली कशाबद्दल, ते त्याला कळत नाही. रोझीची आठवण येणारच, त्यात नव्यावर अन्याय नाही.

मात्र तो कडेला न थांबता रस्त्यात उतरत असेल, किंवा इतर कुत्र्यांकडे ओढत असेल, तर अंगावर काढू नका. कुत्रा देणाऱ्या संस्थेच्या ट्रेनरला लगेच फोन करा. कुत्रा दिल्यानंतरची मदत हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.