पटावरील नाव

प्रास्ताविक

शिक्षकाचे काम म्हणजे वर्गात उभे राहून शिकवणे, असे आपण सहज समजतो. शेवटची घंटा झाली की शिक्षकांचा दिवस संपला, असेही अनेकांना वाटते. आपल्यापैकी कित्येकांची शाळा मध्येच सुटली आहे. आपण शाळेत येईनासे झाल्यावर तेथे कोणी आपली आठवण काढली असेल का, हा प्रश्न कधीतरी आपल्या मनात आलाही असेल. प्रस्तुत पाठात हरियाणातील मानेसर येथे सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षिकेच्या दिवसाचे प्रातिनिधिक चित्र रेखाटले आहे. त्यांना आपण केवळ 'बाई' म्हणू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला :
- शिक्षकाच्या वर्गातील व घरातील कामाचे वर्णन करता येईल;
- स्थलांतर आणि शिक्षण यांचा संबंध सांगता येईल;
- शिक्षण हक्क कायद्यातील काही तरतुदी सांगता येतील;
- मराठी व हिंदीत भिन्न अर्थांनी येणारे शब्द ओळखता येतील.

मूळ पाठ

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या ठेंगण्या डोंगरांच्या कुशीत मानेसर वसले आहे. कधीकाळी शेतीचे असलेले हे गाव गेल्या काही दशकांत औद्योगिक नगर झाले. मोटारी, दुचाकी, त्यांचे सुटे भाग आणि तयार कपडे येथील कारखान्यांत तयार होतात. २०२० मध्ये येथे स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली. कारखान्यांच्या आसपास कासन, नाहरपूर, अलियर यांसारखी गावे आहेत. तेथील भाड्याच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान अशा अनेक राज्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहतात. बाईंच्या वर्गातील बहुतेक मुले याच खोल्यांमधून येतात.

बाई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. पतीला मानेसरच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि संसार येथे आला. पहिल्याच दिवशी शाळेच्या दारावरील पाटीने त्यांना बुचकळ्यात टाकले. पाटीवर 'माध्यमिक विद्यालय' असे लिहिलेले, आणि आत वर्ग मात्र आठवीपर्यंतचेच! महाराष्ट्रात ज्याला आपण उच्च प्राथमिक म्हणतो, त्याला येथे माध्यमिक म्हणतात, हे त्यांना नंतर उमगले. दुसरा शब्द याहून गमतीचा होता. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. पाचवीतला त्यांचा मुलगा एकदा आजीला दूरध्वनीवर म्हणाला, "आजी, मला इथली शिक्षा फार आवडते." आजी घाबरलीच! तेव्हापासून घरात शक्यतो शुद्ध मराठी बोलायचे, असा नियम झाला.

बाईंचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. पती रात्रपाळीहून परतायचे असतात, मुलाचा डबा भरायचा असतो. थंडीच्या दिवसांत हरियाणातही बाजरी घरोघरी खाल्ली जाते. त्यामुळे भाकरीसाठी पीठ शोधावे लागत नाही, एवढे सुख आहे. तव्यावर भाकरी टाकता टाकता बाई मनाशी त्या दिवसाचा पाठ जुळवतात. दशांश अपूर्णांक कशाने समजावावेत? वजनकाट्याने की पैशांनी?

शाळेत प्रार्थना झाली की हजेरी. नाव पुकारताच मुले "यस मैडम" म्हणतात. बाईंच्या कानांना मात्र अजून 'हजर' ऐकू येते. पुढे गणिताचे आणि विज्ञानाचे तास. एका बाकावर भोजपुरी, दुसऱ्यावर हरियाणवी, तिसऱ्यावर राजस्थानी बोलणारे मूल. 'शेकडा' हा शब्द कोणाला कळतो, कोणाला नाही. पण खोलीचे भाडे आणि आईचा पगार सर्वांना कळतो. म्हणून बाई फळ्यावर लिहितात : पगार १०,००० रुपये, भाडे ३,००० रुपये, तर शेकडा किती गेले? वर्गातले सगळे हात वर होतात.

दुपारी पोषण आहार. सहावी ते आठवीच्या मुलांना या आहारातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरवलेले आहे. बाई पंगतीत फिरतात, कारण सकाळी उपाशी आलेले मूल कोणते, हे ताटावरून कळते. ती नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. तक्ते भरायचे असतात ते निराळेच.

त्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गातील एक बाक सहा दिवस रिकामा राहिला. त्या बाकावर बिहारहून आलेला एक मुलगा बसत असे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सहा वेळा 'अनुपस्थित' अशी खूण झाली. असे रिकामे बाक बाईंनी लहानपणीही पाहिले होते. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघत. बैलगाडीत भांडीकुंडी, शेळी आणि मुले. वसंत सरेपर्यंत निम्मा वर्ग ओस पडे. परतलेल्या मुलांपैकी काही पुन्हा शाळेत येत नसत. 'त्यांचे काय झाले?' हे बाईंनी तेव्हा कोणाला विचारले नव्हते. ती रुखरुख आता वर्गात त्यांच्यासोबत उभी होती.

त्या संध्याकाळी स्वयंपाक आवरून बाई वह्या तपासायला बसल्या. घरातले एकमेव टेबल मुलाच्या अभ्यासाचे. म्हणून वह्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. गठ्ठ्यात त्या मुलाची वही निघाली. शेकड्याच्या गणिताखाली त्याने स्वतः रचलेले एक गणित होते : 'पापा का काम छूट गया। अब भाड़ा कितने प्रतिशत?' खाली उत्तराची जागा मोकळी होती.

बाईंनी लाल पेन खाली ठेवले. ज्याचा भाग काढायचा ती मिळकतच शून्य झाली, तर शेकडेवारी निघत नाही, हे गणिताचे उत्तर झाले. मुलाचे उत्तर निराळे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या पत्ता विचारत त्या खोलीवर गेल्या. सामान बांधून झालेले. दोन दिवसांनी कुटुंब गावी परतणार होते. "दाखला काढायला वेळ कुठला, मैडम जी? दाखल्याशिवाय तिकडे घेणार नाहीत. मग जाईल कुठेतरी कामाला," आई म्हणाली. मुलगा जमिनीकडे पाहत होता.

बाईंनी तिला शांतपणे समजावले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. पालक दुसऱ्या गावी गेले, तर मुलाला तेथील सरकारी शाळेत जाता येते. जुन्या शाळेने दाखला तत्काळ द्यायचा असतो. आणि तो पोहोचायला उशीर झाला, तरी त्या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मधला अभ्यास बुडाला, तर मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. एवढे सांगून बाई थांबल्या नाहीत. सकाळी मुख्याध्यापकांकडून दाखला करवून घेतला आणि दुपारी तो मुलाच्या हाती दिला. सोबत तपासलेली वही होती. मोकळ्या जागेत त्यांनी लिहिले होते, 'प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधत राहा. शाळा सोडू नकोस.'

तो मुलगा पुढे कोणत्या शाळेत गेला, हे बाईंना ठाऊक नाही. बहुतेक मुलांचे पुढे काय झाले, हे शिक्षकाला कळत नाही.

कायद्याने शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत. त्यात पाठाच्या तयारीचा वेळही आला. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकाला देता येतात. पण वस्तीतल्या त्या खोलीपर्यंतची पायपीट आणि ओट्यावर जागलेली रात्र कोणत्या तासांत धरायची? हा प्रश्न आजचा नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वर्गातील काम आटोपल्यावर ते छात्रालयातील मुलांसाठी स्वहस्ते एक दैनिक लिहून काढीत. ते काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते.

आजही सकाळी बाई हजेरीपट उघडतात. एका नावापुढे 'दाखला दिला' अशी नोंद आहे. ते नाव आता पुकारायचे नसते. तरीही त्या ओळीवर त्यांचा स्वर क्षणभर थांबतो आणि मग पुढचे नाव येते.

शब्दार्थ

प्रातिनिधिक – अनेकांच्या वतीने एकाचे दाखवलेले. बुचकळ्यात पडणे – गोंधळून जाणे. ओस – रिकामे, निर्जन. रुखरुख – मनाला लागून राहिलेली खंत. वयानुरूप – वयाला साजेसा. तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था. छात्रालय – विद्यार्थ्यांचे वसतिगृह.

पाठगत प्रश्न

१. बाईंनी शेकडेवारी शिकवण्यासाठी पगार व भाडे यांचे उदाहरण का घेतले?
२. बाईंना बीड जिल्ह्यातील रिकामे बाक का आठवले?
३. कंसातील योग्य पर्याय निवडा : दाखला मिळण्यास उशीर झाल्यास नवी शाळा प्रवेश (नाकारू शकते / नाकारू शकत नाही).

आपण काय शिकलो?

शिक्षकाचे काम वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही. मुलाचे नाव पटावर राहावे, यासाठी केलेली धडपड हाही त्याच्या कामाचा भाग आहे. शाळा सुटली म्हणून शिकण्याचा हक्क सुटत नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते. हे पुस्तक हाती घेऊन आपणही आपले नाव पुन्हा पटावर घातले आहे.

स्वाध्याय

१. 'मुलाचे उत्तर निराळे होते' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. 'शिक्षा' शब्दाप्रमाणे मराठीत व हिंदीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. आपल्या आठवणीतील एका शिक्षकाविषयी दहा ओळी लिहा.
४. आपल्या परिसरात शाळेत न जाणारे मूल आढळल्यास त्याच्या पालकांना काय सांगाल? संवादरूपाने लिहा.