विजेच्या वाटा

लातूर भागातील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या रुंद असत. आत लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे जड माळवद. अशा घरांत वीज आली, तेव्हा तिच्यासाठी कोणी भिंत फोडली नाही. लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा उघड्यानेच दिव्यापर्यंत नेल्या. खोलीत एक दिवा, फार तर एक पंखा, एवढीच तेव्हा घराची गरज होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे त्या जड भिंतींखाली व माळवदांखाली दडपून मृत्यू पावली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पुढे सिमेंट-काँक्रीटच्या घरांकडे लोकांचा ओढा वाढला आणि घराबरोबर विजेची वाटही बदलली. आता तारा भिंतीच्या पोटातून, नळीतून जातात. जुन्या घरात सॉकेट वाढवायचे तर आणखी एक पट्टी ठोकली की भागे. नव्या घरात त्यासाठी तयार भिंत खोदावी लागते. म्हणून कोठे काय हवे, हे गिलाव्यापूर्वीच ठरवणे भाग आहे.

नांदेडला असे एक घर बांधले जात आहे, अशी कल्पना करा. आजीला खाटेजवळ कूलर हवा आहे. आईला ओट्यापाशी मिक्सरसाठी सॉकेट हवे. न्हाणीघरात पाणी तापवण्याचे यंत्र बसणार आहे. शिवाय इस्त्री आहे, दूरचित्रवाणी आहे. वायरमन येतो आणि सॉकेटे किती हवीत हे न विचारता, एकाच वेळी कोणकोणत्या वस्तू चालतील, असे विचारतो.

“काका, एका सॉकेटाच्या तारेला जोडून चार सॉकेटे घेतली तर चालणार नाही का?” घरातील मुलगी विचारते. “एका नळीला आपण चार तोट्या लावतोच की!”

“लावतो, ताई,” वायरमन म्हणतो. “पण चारही तोट्या सोडल्या तर पाण्याची धार बारीक होते. नळीला काही होत नाही. विजेचे तसे नाही. वस्तू वाढल्या की तारेतून प्रवाह वाढतो आणि तार तापते.”

हे तापणे मोठे फसवे असते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट न होता चौपट होते. आपल्या घरांत विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. १,००० वॅटची इस्त्री सुमारे सव्वाचार अँपिअर प्रवाह घेते, तर २,००० वॅटचे पाणी तापवण्याचे यंत्र पावणेनऊ. दोन्ही एकाच वेळी एका बारीक तारेवर चालली, तर त्या तारेतून १३ अँपिअर वाहू लागतात. वरचे वेष्टन हळूहळू मऊ पडते आणि एके दिवशी भिंतीच्या आत, कोणाच्याही दृष्टीस न पडता, जळते.

म्हणून घरातील विजेचे निरनिराळे परिपथ करतात; वायरमन त्यांना सर्किट म्हणतात. दिवे आणि पंखे यांचे एक सर्किट. त्यावर १० पेक्षा अधिक पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा, असा आपल्याकडे चालत आलेला दंडक आहे. पाणी तापवण्याच्या यंत्राला जाड तारेचे स्वतंत्र सर्किट आणि १६ अँपिअरचे सॉकेट द्यावे. प्रत्येक सर्किटाला त्याच्या तारेला साजेसा फ्यूज किंवा आपोआप पडणारा खटका, म्हणजे एम.सी.बी., असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे शहाणे पुष्कळ आढळतात. मग फ्यूज जात नाही हे खरे. त्याच्याऐवजी भिंतीतील तार जाते.

कूलरचा प्रश्न याहून गंभीर आहे. कूलरला वीज थोडी लागते. परंतु त्याचा पत्रा लोखंडाचा आणि पोटात पाणी. आतल्या तारेचे वेष्टन झिजून ती पत्र्याला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. सॉकेटातील वरचे मोठे छिद्र याच संकटासाठी असते. त्यातून निघालेली हिरवी तार जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत जाते आणि पत्र्यात उतरलेली वीज मातीत नेते. याला अर्थिंग म्हणतात.

पण माती ओली असेल तरच ती वीज सहज वाहून नेते. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून सुटते. म्हणजे कूलर जेव्हा रात्रंदिवस चालतो, नेमके तेव्हाच अर्थिंग दुबळे होते. त्यासाठी नळीभोवती कोळसा व मीठ भरतात आणि खड्ड्यात पाणी ओततात. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे जमिनीत पाणी ओता असे सांगणे सोपे नाही. म्हणून हा खड्डा मोरीच्या सांडपाण्याजवळ घ्यावा, हे बरे. शिवाय मेन स्विचजवळ आर.सी.सी.बी. नावाचा खटका बसवावा. गेलेली आणि परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअर इतका जरी फरक पडला, तरी तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. एवढे करूनही कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढावा लागतो तो लागतोच.

सारे ठरल्यावर वायरमन भिंतीवर खडूने खुणा करतो. मुलगी त्या खुणांवरून वहीत घराचा नकाशा काढते. प्रत्येक सर्किट निराळ्या रंगाने दाखवते. नळ्या बसतात, गिलावा होतो, खुणा नाहीशा होतात. पुढे दिनदर्शिका लावण्यासाठी कोणी भिंतीत खिळा ठोकायला निघाले, की आधी ती वही उघडली जाते.